कोणत्या दिवसाची गाडी?

आज एकच गाडी पाहायची आहे. सावकाश.

नांदेडहून देगलूरकडे निघालं की वाटेत नायगाव लागतं. पुढे नरसीचा चौक, मग देगलूर, मग तेलंगणाची हद्द आणि हैदराबाद. या रस्त्यावरून दिवसभर वाहनं धावतात आणि त्यातलं आपल्या कामापुरतं तेवढंच आपल्याला दिसतं. आपली बस आली का, मागचा ट्रक किती जवळ आला. पण याच रस्त्याच्या आसपास, गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत, आखाड्यावर, जुन्या वाड्याच्या ढाळजेत, कुठे ना कुठे एखादी गाडी वर्षानुवर्षं उभी असते. ती चालत नाही आणि विकलीही जात नाही. चाकांतली हवा गेलेली, मागच्या सीटवर ज्वारीची पोती, बोनेटवर धुळीचा थर. घरातल्या कुणाला ती अडगळ वाटते आणि कुणाचा तरी तिच्यात जीव असतो, म्हणून ती अजून तिथे आहे.

तुमच्या ओळखीची अशी एक गाडी मनासमोर आणा. नायगावची असो, मुखेडची, उदगीरची, कुठलीही. जमलं तर खरोखर तिच्यापुढे जाऊन बसा. डोळे मिटायचे नाहीत, या मननाला डोळे उघडेच लागतात. पथ्य एकच आहे. इतक्यात तिचं नाव घ्यायचं नाही. ‘जीप आहे’, ‘अँबॅसिडर आहे’ असं म्हटलं की मन समाधान पावतं आणि पाहणं तिथेच थांबतं. त्या नावाला थोडा वेळ दाराबाहेर उभं ठेवा.

आधी चाक बघा. टायर जमिनीला जिथे टेकला आहे तिथली दबलेली कड बघा. रिमवर नट किती आहेत ते मोजा. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत नजर हळूहळू न्या. गाडीचा सगळा बांधा या एका अंतरावर तोललेला असतो. मग छताची रेघ, ती कुठे उतरायला लागते ते. मग दाराच्या फटी. फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? खाली रुंदावत गेली असेल तर बिजागरी झिजून दार बसलेलं आहे. त्या दारावर कितीदा भार पडला असेल, कोणकोण त्याला धरून चढलं-उतरलं असेल, याचा हिशेब त्या फटीत आहे.

आता पत्र्यावर बोटानं टिचकी मारा. एका जागी आवाज खणखणीत येईल, दुसऱ्या जागी बद्द. जिथे बद्द येतो तिथे लांबी भरलेली आहे. म्हणजे तिथे कधी तरी पोचा आला होता, कुणी तरी तो ठोकून काढला, लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासून एकसारखा केला आणि वर रंग मारला. तुमचं बोट आत्ता एका मिस्त्रीच्या दुपारवर टेकलेलं आहे. थोडं थांबा तिथे.

रंग उडालेली एखादी जागा शोधा. वर पांढरा असेल, त्याखाली हिरवट, त्याखाली करडा, मग उघडा पत्रा. हे थर लक्षात ठेवा. पुढे लागतील.

अशी नजर आपल्या भागातल्या माणसांना नवी नाही. कंधार नायगावच्या शेजारचंच. लाल कंधारी ही गाईबैलांची जात त्याच गावाच्या नावानं ओळखली जाते. लातूरकडे देवणी. देवणीतही अंगावरच्या रंगावरून वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार वेगळे धरतात. माळेगावच्या यात्रेत खंडोबाचं दर्शन करून शेतकरी दावणीपुढे येतो, तेव्हा आधी बैलाचा जबडा उघडून दात बघतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला. मग खूर, मग शिंगांचं वळण, मग चार पावलं चालवून चाल. मालक काय सांगतो ते तो ऐकतो, पण त्यावर विसंबत नाही. जुन्या गाड्यांची पारख करणारा माणूस नेमका हाच आहे. दातांच्या जागी त्याला रेडिएटरपुढची जाळी असते.

आता जाळीकडे बघू.

समोर जीप असेल तर जाळीच्या उभ्या फटी मोजा. नऊ भरल्या तर ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, सैन्यासाठी बनलेली. सात भरल्या तर युद्धानंतरची, नागरी वापराची. पण नऊ फटींवर ओळख संपत नाही. अमेरिकी सैन्यासाठी एकाच नमुन्याची जीप विलिस आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांनी बनवली, मिळून सहा लाखांहून अधिक. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक बघायला गुडघे टेकून पुढून खाली वाकावं लागतं. रेडिएटरच्या पुढे चेसिसच्या दोन बाजूंना जोडणारी आडवी दांडी गोल नळीची असेल तर विलिस. उलट्या यू आकाराच्या पट्टीची असेल तर फोर्ड. फोर्डनं आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ उठवलेला असे. ऐंशी वर्षांच्या गंजाखालून तो ‘एफ’ नखाला लागतो, तेव्हा पारख्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो तो पाहण्यासारखा असतो. आणि सात फटींच्या जीपचं बोनेट नेहमीपेक्षा उंच, चौकोनी उचललेलं असेल, तर ती सीजे-३बी. नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं, ते मावावं म्हणून १९५३ पासून बोनेटच वर न्यावं लागलं. महिंद्रांनी हाच नमुना पुढे कित्येक वर्षं भारतात बनवला. मराठवाड्यात पोलिसांपासून पाटबंधारे खात्यापर्यंत आणि पुढाऱ्यांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळ्यांनी जी जीप वापरली ती बहुतेक याच घराण्यातली.

जुना नाकवाला ट्रक असेल तर नाकाच्या टोकाला बघा. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा होता. त्या काळातल्या ट्रकवर तीन टोकांचा तारा असे, त्यानंतर त्या जागी ‘टी’ आला. फियाट असेल तर पुढचं दार कुठल्या बाजूनं उघडतं ते बघा. बिजागरी मधल्या खांबावर असून दार उलटं उघडत असेल, आणि नाक पुढे आलेलं असेल, तर ती १९५४ पासून आलेली, जिला आपल्याकडे सगळे डुक्कर फियाट म्हणत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. तिच्याच वंशातली पुढची पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून इतकी वर्षं चालली, की ३० ऑक्टोबर २०२३ ला तिची मुदत संपली तेव्हा लोक फोटो काढायला गेले. अँबॅसिडरची जाळीही अशीच बोलते. १९६२ च्या मार्क टू ची चौकडीची, १९७५ च्या मार्क थ्री ची आडव्या पट्ट्यांची.

एवढ्या खुणा कशासाठी? प्रत्येक खूण एक हद्द घालून देते म्हणून. ‘टी’ आहे, म्हणजे १९६९ च्या आधीची नाही. चौकडीची जाळी आहे, म्हणजे १९६२ च्या आधीची नाही. अशा दोन-चार हद्दी एकमेकींना भिडल्या की मधे थोडीच वर्षं उरतात. नंबरप्लेटवर फार भरवसा ठेवता येत नाही. एमएच-२६ किंवा एमएच-२४ ही नांदेड-लातूरची अक्षरं आताच्या नोंदणीपद्धतीतली आहेत, गाडी त्याच्या कितीतरी आधीची असू शकते. चेसिसवर ठोकलेला क्रमांक मात्र पूर्वीच्याच ठिकाणी असतो. तेल-मातीचा थर खरवडून तो वाचता येतो. तो जन्म सांगतो. बाकी सगळे भाग पुढचं आयुष्य सांगतात.

इथे जरा मागे जाऊ. आपला हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात १९३२ मध्ये रेल्वेनंच रस्त्यावरची सरकारी बससेवा सुरू केली. पहिल्या ताफ्यात २७ बस होत्या, स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. अल्बियनच्या रेडिएटरवर उगवत्या सूर्याची किरणं असत. त्या वेळची एक अल्बियन हैदराबादच्या बसभवनात जपून ठेवलेली आहे. तिकडे पुण्या-नगराकडे १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस निघाली ती बेडफर्डची, लाकडी बॉडीची, तीस आसनांची, काथ्याच्या गाद्यांची, निळ्या-चंदेरी रंगाची. तेव्हाच्या ताफ्यात शेव्हर्ले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट अशा दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या. ही नावं सावकाश वाचा. प्रत्येकीचं नाक वेगळं, भोंगा वेगळा, हँडल मारायची तऱ्हा वेगळी, आणि प्रत्येकीची नस ओळखणारा कुणी तरी फिटर त्या त्या आगारात असणार.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची सरकारी बससेवा, नागपूरकडची आणि मुंबई राज्याची अशी सगळी मिळून आजचं एसटी महामंडळ झालं. आता मनात एक बस आणा, १९५० च्या सुमारास नांदेडला आलेली. ती त्याच देगलूरच्या रस्त्यानं, त्याच खड्ड्यांतून जात राहिली. दहा-अकरा वर्षांत तिचं राज्य बदललं, मालक बदलला, पाटीवरची लिपी बदलली असेल, रंग बदलला असेल. आत बसणारी बाई मात्र तीच, बाजाराला निघालेली.

मग विचारा: यांतली खरी बस कोणती?

हा प्रश्न गाडीची प्रतिकृती करणाऱ्याला टाळता येत नाही. ज्याला नुसतं नाव सांगायचं आहे तो ‘अल्बियन’ म्हणून मोकळा होतो. ज्याला ती हातानं घडवायची आहे त्याला रंगाची डबी उघडावीच लागते, आणि रंग एकच मारता येतो.

तिथपर्यंत जाण्याआधी हात कसे शिकले ते बघू. आपल्याकडे हे शिक्षण धाटापासून सुरू होतं. ज्वारी काढून झाली, कडब्याच्या गंजी लागल्या, की पोरं एखादं वाळलेलं धाट ओढून घेत. वरची साल दातानं सोलायची. आतलं पांढरं भेंड हलकं, मऊ, ब्लेडनं हवं तसं कापलं जातं. सालपटाच्या बारीक टोकदार कामट्या करायच्या आणि त्या भेंडात खुपसून तुकडे जोडायचे. ना डिंक, ना खिळा. साटा व्हायचा, दांड्या व्हायच्या, जू व्हायचं, भेंडाचे बैल व्हायचे. ज्याचा हात बसलेला तो चाकाला आरेसुद्धा करी. मोजपट्टी कुणाकडेच नसे. तरी बैल गाडीपेक्षा मोठा झाला की पोरांना तो लगेच खटकायचा. प्रमाण डोळ्यात होतं, कारण खरी गाडी रोज अंगणात सुटत होती. तुंबा कुठे संपतो, आरे किती असतात, लोखंडी धाव चाकावर कशी बसते, हे सगळं त्यांनी पाहिलेलं होतं. मी तर म्हणेन, मराठवाड्यातलं वाहनांच्या प्रतिकृतींचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात प्रामाणिक काम हेच आहे. त्याची नोंद कुणी ठेवली नाही, कारण आठवडाभरात ती गाडी शेळी खाऊन टाकी.

जगात प्रतिकृतींच्या मापाचे आकडे ठरले ते खेळण्यांच्या आगगाड्यांमुळे. एका फुटाला सात मिलिमीटर या मापाच्या रेल्वेशेजारी शोभतील अशा मोटारी हव्यात म्हणून त्या साधारण त्रेचाळिसाव्या हिश्शाच्या झाल्या. १:४३ हे माप आजही संग्राहकांचं आवडतं आहे. १९३४ पासून डिंकी या नावानं विकल्या गेलेल्या इंग्रजी मोटारींचे काही साचे पुढे कलकत्त्याला आले आणि निकी नावानं त्या गाड्या आपल्या देशात निघाल्या. हातानं बनवणारे मात्र थोडं मोठं माप घेतात, १:२४ वगैरे, कारण बोटं तेवढ्यात मावतात.

तुमची गाडी आता लहान करू या. मनातल्या मनात, पण मापात.

जीपच्या दोन चाकांमधलं अंतर ऐंशी इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. चोविसाव्या हिश्शानं ते सुमारे ८५ मिलिमीटर होतं. तळहातावर ८५ मिलिमीटर धरून बघा. साधारण तळव्याच्या रुंदीएवढं ते भरेल. एवढ्यात ती सगळी बसवायची आहे. गाडी समोर नसेल, नुसता जुना फोटो असेल, तरी माप काढता येतं. फोटो बरोबर बाजूनं काढलेला हवा. जीपचं रिम सोळा इंची, हे माहीत आहे. फोटोत रिम दीड सेंटिमीटर भरलं आणि दोन चाकांमधलं अंतर साडेसात सेंटिमीटर, तर अंतर रिमच्या पाचपट, म्हणजे ऐंशी इंच. रिमची बाहेरची कड नावाच्या मापापेक्षा जरा मोठी असते, तेवढी सूट धरायची. एक माहीत असलेलं माप हाती असलं की त्यावरून सगळी गाडी उलगडत जाते. लग्नाच्या अल्बममधला वऱ्हाडाच्या जीपचा काळा-पांढरा फोटो असा मोजून बघा. आजपर्यंत त्यात तुम्ही फक्त माणसं पाहिली असतील.

आता एक अडचण येते, आणि मननासाठी ती मोलाची आहे. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाड. त्याचा चोविसावा हिस्सा म्हणजे वहीच्या कागदाच्या साधारण निम्म्याएवढा. कार्डशीट, सनबोर्ड, प्लास्टिकची शीट, काहीही घेतलं तरी इतकं पातळ मिळत नाही आणि मिळालं तरी उभं राहत नाही. मग कारागीर काय करतो? जिथे जाडी दिसते, म्हणजे मडगार्डची कड, दाराची कड, खिडकीची चौकट, तिथेच तो आतून तासून ती पातळ करतो. बाकी ठिकाणी जाड राहू देतो. रंगाचंही तसंच. खऱ्या गाडीचाच रंग लहान गाडीला जसाच्या तसा दिला तर तो गडद आणि भडक दिसतो, म्हणून किंचित पांढरा मिसळून फिका करावा लागतो. प्रत्येक भाग चोविसानं भागून खरी गाडी मिळत नाही. पाहणाऱ्याची नजर कुठे पडते ते ओळखून तिथे खरं राहावं लागतं. गाडीकडे तासन्‌तास पाहिल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून मी पाहण्यावर इतका वेळ घालवला.

महाराष्ट्रात एसटीच्या प्रतिकृती करणारे गावोगावी आहेत. त्यांच्यातल्या चांगल्या कारागिराचं काम बघायला मिळालं तर मागच्या बाजूनं सुरुवात करा. टपावर चढायची शिडी, टपावरचा कॅरियर, खिडकीच्या आडव्या सळया, संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग, घंटीची दोरी, आगाराचं नाव. बिलोली, देगलूर, मुखेड, कंधार, ज्याचं त्याला आपलं आगार हवं असतं. एसटीच्या बॉडी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधल्या जात आल्या, आणि मुरलेला एसटीप्रेमी बांधणी बघून ती कुठली ते सांगतो. छत्रीच्या काडीचा आस, पेनच्या नळीचा सायलेन्सर, रबरी चपलेतून कापलेली चाकं. ही सामग्री स्वस्त आहे याचं मला कौतुक नाही. कौतुक याचं आहे, की ती योग्य वस्तू कुठे वापरायची हे कळायला आधी खरी बस आतून-बाहेरून पाठ व्हावी लागते.

आता त्या रंगाच्या थरांकडे परत या. पांढरा, हिरवट, करडा, पत्रा. कोणत्या दिवसाची गाडी करायची?

बहुतेक जण कारखान्यातून निघाल्या दिवसाची करतात. चकचकीत, नवी, एकही ओरखडा नसलेली. सरकारी नियमालाही तोच दिवस मान्य आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते, तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. राजवाड्यातल्या गाड्यांना ही अट जड जात नाही. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची १९१२ ची पिवळी रोल्स रॉईस आहे. ती समारंभापुरतीच निघायची, फारच थोडे मैल चालली. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक अजूनही शाही दसऱ्याला दिमाखात येते. या गाड्या जपल्या गेल्या हे चांगलंच झालं, त्या बघताना मन भरून येतं.

पण तुमच्यासमोरच्या गाडीचं काय? समजा, ती जीप आहे. तिचं पेट्रोलचं इंजिन केव्हाच निघालं आणि डिझेलचं बसलं, कारण पेट्रोल परवडत नव्हतं. मागे आडव्या सीट काढून उभ्या बाकड्या टाकल्या, कारण काळी-पिवळी म्हणून नरसी ते नायगाव माणसं भरायची होती. पुढचे पाटे ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीनं एक पान वाढवून बसवले. जाळी कुठून तरी दुसऱ्याच गाडीची आणून लावली. नियमाच्या दृष्टीनं ती विंटेज नाही. संग्राहक तिच्याकडे बघून ‘यात ओरिजिनल काही उरलं नाही’ म्हणतो आणि पुढे जातो.

मला हे पटत नाही. नियमाला हद्द लागते, ती त्यानं घातली, ते ठीक. पण प्रतिकृती करणाऱ्यावर ती हद्द नाही. त्या जीपला पहिला दिवस होता, तसाच डिझेल इंजिन बसलं तो दिवस होता, रात्री बाळंतीण घेऊन ती नांदेडच्या दवाखान्यात पोचली तो दिवस होता, शेवटचा पाटा तुटला तो दिवसही होता. कारखान्यातल्या पहिल्या दिवसाचे फोटो कंपनीकडे असतील. उरलेल्या दिवसांचे कागद कुणाकडेही नाहीत. ते त्या बद्द वाजणाऱ्या लांबीत, खाली रुंदावलेल्या फटीत आणि एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या बोलण्यात आहेत. म्हणून माझं मत असं, की आपल्या भागातल्या गाडीची प्रतिकृती करायची तर तिच्या राबत्या दिवसांतली करावी. वाढवलेल्या पाट्यासकट, परक्या जाळीसकट, टपावरच्या पोत्यांसकट. ती पाहून एखादा परका पारखी चूक काढेल की ही जाळी या मॉडेलची नव्हे. त्याला सांगावं, या मॉडेलची नाही, पण या गाडीची आहे.

आता, इतका वेळ अडवून ठेवलेलं तिचं नाव घ्या. आता ते घ्यायला हरकत नाही.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक मोजपट्टी, एक पेन्सिल आणि कोरे कागद बरोबर घ्या. गाडीच्या चारही बाजूंनी, लांब उभं राहून, चाकाच्या उंचीवर मोबाईल धरून फोटो काढा. दोन चाकांमधलं अंतर, रुंदी, उंची, रिम मोजून लिहा. चेसिस क्रमांकावर कागद धरून वरून पेन्सिल घासा, तो आपोआप उमटतो. रंगाचे थर वरून खाली कोणत्या क्रमानं आहेत ते लिहा. मग ती चालवणाऱ्या काकांना, दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना बोलतं करा आणि कोणता भाग कधी, कुणी, का बदलला ते टिपून घ्या. प्रतिकृती तुम्ही करा, नाही तर गावातल्या एखाद्या पोराला हे कागद द्या, तो करील. भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी आल्यावर यातलं काहीच होत नाही, म्हणून हे त्याच खेपेला करा.